मामांचे मासे आणि जऊळक्याकडची खापरे

माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, हे मी आजही अंदाजानेच ठरवते. अक्षराबद्दल मामा म्हणत की शाईत पाय बुडवून कोंबडी चालली असती तरी ओळ याहून सरळ आली असती. तेव्हा गंगू, तू माझी धाकटी बहीण आहेस म्हणून चुकांकडे काणाडोळा कर आणि लागेल तसे वाच. जऊळक्याला काय झाले, मामा त्याविषयी का बोलत नाहीत, असे तू तीनदा विचारलेस. तोंडाने सांगायला लागले की माझी जीभ टाळूला चिकटते, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहिते. वाचून झाले की वही ट्रंकेच्या तळाशी ठेव.

मामांची ओळख तुला नको, पण लिहायला बसलेच आहे तर रीतीने लिहिते. मामा जुन्या शतकातले. तरुणपणी मुंबईला एका साहेबाच्या हाताखाली लागले आणि पस्तीस वर्षे मासे ओळखण्याचे काम केले. कल्ला बघायचा, पाठीवरचे पर (माशाचे पंख) मोजायचे, नाव ठरवायचे, बाटलीत घालायचे. आपल्या घरात मासा कधी शिजला नाही, मामाही खात नाहीत. "मी खात नाही, मोजतो," असे ते पंगतीत सांगत. तरीही लोक त्यांच्यापासून हातभर लांब पाट मांडत. पेन्शन घेऊन ते अकोल्याला आले आणि हे गेल्यावर मी त्यांच्याकडे राहायला आले.

माझ्याजवळ पंचाहत्तर रुपये होते. त्यातून मला हाताने फिरवायचे शिवणाचे यंत्र घ्यायचे होते. चोळ्या-झबली शिवून माझ्यापुरते मीठमिरचीचे पैसे सुटले असते आणि मामांपुढे दर महिन्याला हात पसरावा लागला नसता. तेवढ्यात मुंबईच्या एका संस्थेचे मामांना पत्र आले. काटेपूर्णा नदीतल्या वीस जातींचे मासे, नावांच्या चिठ्ठ्यांसह, पाठवावेत. दीडशे रुपये मिळतील. बाटल्या, स्पिरिट आणि प्रवास यांना पैसे हवे होते. मामांनी माझ्याकडे पाहिले. मला नाही म्हणता येत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे. मी पुरचुंडी सोडली.

माघ संपता संपता निघालो. अकोल्याच्या स्टेशनावर तिकीटबाबूने आमच्या पेटीचा वास घेतला आणि आत काय आहे ते विचारले.

"मासे ठेवायचं स्पिरिट," मामा म्हणाले.

"मासे कुठे आहेत?"

"अजून नदीत आहेत."

बाबूने माझ्याकडे पाहिले. मी पदर पुढे ओढला, त्यामुळे त्याचा संशय वाढला असावा. शेवटी मामांनी त्याला माशाच्या कल्ल्याविषयी इतके सांगितले की त्याने हात जोडून आम्हाला डब्यात बसवले.

डब्यात एका बाईने "धरा वं जरा" म्हणून माझ्या मांडीवर तिची कोंबडी ठेवली आणि खिडकीशी जाऊन झोपली. मी विधवा बाई, सोवळ्यातली. माझ्या मांडीवर कोंबडी. पण हे तिला सांगायचे कसे? घाट आला, बोगदे आले, बाहेर पळस फुलून लालभडक झाला होता. लोक वाकून वाकून पाहत होते. मी कोंबडीकडे पाहत होते. जऊळक्याला उतरताना बाईला जागे करायचाही धीर होईना, तेव्हा कोंबडीच ओरडली.

जऊळक्याहून बैलगाडीने दोन कोसांवर नदीकाठी एक लहान गाव आहे. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी आमचे काही वाईट केले नाही. काळी जमीन, कापसाच्या उभ्या पळाट्या (कापूस वेचून उरलेली झाडे), आणि मागे बुटक्या टेकड्या. पारबताबाई म्हणून एका शेतकऱ्याच्या बायकोने आम्हाला पडवी दिली. पडवीच्या एका टोकाला माझी चूल आणि दुसऱ्या टोकाला मामांचे मासे. मध्ये मी पाण्याची रेघ ओढली होती. रोज मासे आले की चिठ्ठ्या मी लिहायच्या, कारण मामांना चष्म्यातूनही बारीक दिसत नव्हते. चिठ्ठी लिहून दोऱ्याने शेपटीला बांधायची आणि मग आंघोळ करायची. कधीकधी दिवसातून चार आंघोळी होत.

पारबताबाई मला ज्वारीचे पीठ, अंबाडीची भाजी आणि असा ठेचा देत की पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांतून पाणी आले. त्यांना वाटले मला घरची आठवण आली. त्यांनी मला जवळ घेतले आणि आणखी ठेचा वाढला.

मासे धरायला धोंडू भोई होता. मोठा सावकाश माणूस. जाळे टाकून तो बिडी ओढी, बिडी संपली की जाळे ओढी. तीन आठवड्यांत सतरा जाती झाल्या. तीन राहिल्या होत्या. माझे यंत्र मला दिसू लागले होते, त्याचा दांडा कोणत्या बाजूला असेल इथपर्यंत.

आणि मग एका सकाळी धोंडूच्या जाळ्यात खापर आले.

तळहाताएवढे खापर. मडके कच्चे असताना त्यावर काडीने एक आकृती ओढलेली होती. मामांनी ते धुतले, उन्हात धरले आणि खाली बसले. आकृती माशाची होती, असे मामा म्हणाले. पण कोणता मासा? पाठीवर फुललेले पर, तेही तीन ओळींत, मान बारीक, शेपूट जवळजवळ नाहीच. पस्तीस वर्षांत असा मासा त्यांनी पाहिला नव्हता. दोन दिवस ते जेवताना खापर ताटाजवळ ठेवीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "यमू, हा मासा आता जगात नाही. पण ज्या लोकांनी तो पाहिला, त्यांचं गाव इथंच कुठंतरी आहे. ते सापडलं पाहिजे."

गाव सापडायला वेळ लागला नाही. पारबताबाईंच्या परसामागे, नाल्याच्या कडेला, माणसाएवढा उंच उकिरड्यासारखा ढीग होता आणि तो सगळा खापरांचा होता. मामांनी तिथे काठी रोवली. धोंडूला चार आणे रोज ठरला. जाळे ठेवून कुदळ घ्यायला त्याची हरकत नव्हती.

"मासा पयते (पळतो), साहेब," तो म्हणाला. "खापर पयत नाई. मले हेच बरं."

मामांना जुने शोधायचे कसे ते माहीत नव्हते. मासे बघायचे कसे ते माहीत होते. त्यांनी तीच रीत चालवली. प्रत्येक खापराची तोंडापासून शेपटीपर्यंत लांबी. वजन. "पाठ काळी, पोट लालसर." माशाच्या खवल्यावर वर्षाला एक वेढा चढतो म्हणतात, मामा मडक्याच्या बुडाच्या आतले चाकाचे वेढे मोजू लागले. "हे अकरा वर्षांचं होऊन मेलं," असे सांगत आणि मी चिठ्ठीवर अकरा लिही. काही चिठ्ठ्यांवर नर आणि काहींवर मादी असेही लिहायला लावले. ते कशावरून, हे मी विचारले नाही.

पारबताबाई कुंपणापलीकडून बघत. एकदा त्यांनी मला बाजूला घेतले.

"बाई, तुमचे मामा हे काय करून राह्यले वं?"

मी सांगितले की ते जुने शहर शोधत आहेत. त्या मटकन दगडावर बसल्या आणि हसता हसता त्यांचा पदर पडला. "शहर कायचं? थे तं आमची मडकी टाकाची जागा हाय. गिरान (ग्रहण) सुटलं का घरातली मातीची भांडी बाटते. मंग गावातल्या साऱ्या बाया तिथी नेऊन फोडते. माह्या सासूच्या सासूपासून हेच चालू हाय. तुमच्यात नाई काय असं?"

आमच्यातही होते. लहानपणी आई ग्रहणानंतर आपला माठ कुंभारवाड्याच्या खड्ड्यात टाकायला मलाच पाठवी; तू तेव्हा पाळण्यात होतीस. ढीग पाहिल्याबरोबर मला हे सुचायला हवे होते. खरे सांगायचे तर सुचले होते. पण मामांना ते मी कोण सांगणार?

पारबताबाईंना असली भीड नव्हती. त्या तशाच गेल्या आणि मामांना तोंडावर सांगितले. मामांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, पाण्याविषयी माशाला विचारून काही कळत नाही." मग माझ्याकडे वळून लांबी सांगू लागले. धोंडूलाही सगळे माहीत होते. त्याच्या बायकोनेच तिथे मडकी फोडली होती. पण चार आणे रोज सांगण्याचे नव्हते, खणण्याचे होते.

ढिगात थर निघाले. खापरांचा थर, मग माती, मग पुन्हा खापरांचा थर, असे अकरा. मामांना झोप येईना. प्रत्येक थरातली मडकी एकाच दिवशी फुटली होती, हे त्यांनी बरोबर ओळखले. त्यावरून त्यांनी ठरवले की या शहरावर शत्रू अकरा वेळा चालून आला. हाडे नाहीत, राख नाही, हत्यारे नाहीत. म्हणजे शत्रू माणसांना हात लावत नसे, फक्त मडकी फोडून परत जाई. "असा शत्रू इतिहासात दुसरा नाही," मामा म्हणाले, आणि यात मात्र ते चुकले नव्हते.

मग बाटल्या कमी पडल्या. चांगली खापरे उघडी ठेवणे मामांच्या जिवावर येई. त्यांना ती स्पिरिटातच हवी होती. एका दुपारी ते म्हणाले, "यमू, मासे ओतून टाक. बाटल्या रिकाम्या कर."

गंगू, सतरा मासे म्हणजे माझे पंचाहत्तर रुपये होते. नको म्हणायला मी तोंड उघडले आणि बाहेर "बरं" आले.

बाटल्या मी रिकाम्या केल्या. मासे मात्र टाकले नाहीत. घरून आणलेल्या लिंबाच्या लोणच्याच्या दोन बरण्या संपत आल्या होत्या. त्या घासल्या. पारबताबाईंकडून चार शेर मीठ मागवले. इतके मीठ कशाला, असे त्यांनी विचारले तेव्हा नुसती हसले. मग बरणीत मिठाचा थर, त्यावर मासे, पुन्हा मीठ. शेपटीच्या चिठ्ठ्या तशाच ठेवल्या. हाताला सवय असते, तशी मधूनमधून हळदही पडली. तोंडाला फडके बांधून बरण्या चुलीमागे ठेवल्या आणि आंघोळीला गेले. मामांनी एकदा विचारले, लोणचे का वाढत नाहीस? म्हटले, अजून मुरले नाही.

अमावास्येच्या आदल्या दिवशी मामांनी मुंबईला पत्र लिहिले, म्हणजे त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. मासे आता येणार नाहीत, त्या कामातून मोकळे करावे. त्याऐवजी मी आपल्याला एक शहर देत आहे. खाली सही. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होते. ते सुटून आंघोळ झाली की धोंडू पत्र घेऊन जऊळक्याला स्टेशनावर जाणार होता. मी लिहीत होते आणि माझ्याच हाताने माझे यंत्र पाण्यात सोडत होते.

सकाळी ग्रहण लागले. ऊन पितळेसारखे झाले, कोंबड्या खुराड्यात शिरल्या, धोंडू नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून, ग्रहणात बिडी ओढता येत नाही म्हणून बडबडत होता. मामा पडवीत काजळी धरलेल्या काचेतून वर पाहत होते. मी चुलीपाशी बसून पाण्याच्या मडक्याकडे पाहत होते. जऊळक्याच्या बाजारातून आठच दिवसांपूर्वी आणलेले. आता तेही टाकायचेच होते.

तेव्हा मला सुचले की बोलता येत नसेल तर नसू दे, चिठ्ठ्या तर मीच लिहिते. मी दौत जवळ ओढली, मामांच्या चिठ्ठ्यांतली एक घेतली आणि लिहिले. दोऱ्याने मडक्याच्या गळ्याला बांधली. ग्रहण सुटले, तशा गावातल्या बायका मडकी घेऊन निघाल्या. मी पारबताबाईंच्या मागे गेले. त्यांनी आपली मडकी खळकन फोडली. माझे मी फोडले नाही. मामांच्या खड्ड्यात, अगदी मधोमध, नीट बसवून ठेवले आणि येऊन आंघोळ केली.

मामा धोतर बदलून ढिगाकडे गेले. मी कुंपणाआड उभी. खड्ड्यात बाराव्या थराचा खच पडला होता, चाळीसएक मडक्यांचा, काही अजून ओली. मामांना ते दिसले की नाही कोण जाणे, कारण मध्ये एक अखंड मडके होते आणि इतक्या दिवसांत त्यांना अखंड मडके मिळाले नव्हते. ते गुडघ्यांवर बसले. तोंडापासून बुडापर्यंत फूटपट्टी लावली. आत हात घालून वेढे मोजले.

"नऊ वर्षं," ते धोंडूला म्हणाले. "पूर्ण वाढ झालेलं. मादी."

मग त्यांच्या हाताला चिठ्ठी लागली. ती त्यांनी चष्म्यापाशी नेली, लांब धरली, परत जवळ आणली. वर लिहिले होते: क्र. १. यमूचे पाण्याचे मडके. आठ दिवसांपूर्वी दोन पैशांना घेतले. ग्रहणात बाटले म्हणून टाकले. सगळीच मडकी अशीच.

त्यांनी फूटपट्टी खाली ठेवली.

"हे अक्षर तुझं," ते म्हणाले. मान वळवली नव्हती, पण मी कुंपणाआड आहे हे त्यांना ठाऊक होते.

"हो," मी म्हटले.

"तू हे ठेवलंस."

"हो मामा. आणि पत्र पाठवू नका."

एवढे मोठे वाक्य मी त्यांच्यापुढे पहिल्यांदाच बोलले असेन. मामांनी खिशातून ते पहिले खापर काढले, आकृतीचे. "पण मग हा मासा?" ते म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

पारबताबाई पुढे झाल्या. खापर त्यांनी हातात घेतले आणि उलटे फिरवले. "मासा कायचा, बाप्पा? मोर हाय हा. आमचा कुंभार लग्नाच्या मडक्यावर काढते. तुमी उलटा धरून राह्यले."

मामांनी पाहिले. तीन ओळींचे पर म्हणजे पिसारा होता. बारीक मान म्हणजे मानच होती. मला वाटले आता ते रागावतील, किंवा रडतील. ते खड्ड्याच्या काठावर बसले आणि त्यांना हसू आले, आधी नाकातून, मग पोट धरून. धोंडूने घाबरून विचारले की आजचा रोज मिळेल ना.

हसणे थांबल्यावर मामांचा चेहरा एकदम उतरला. "मासे," ते म्हणाले. "यमू, मासे मी टाकायला लावले."

मी चुलीमागून बरण्या आणल्या. फडके सोडले. मामांनी एक मासा वर उचलला, कल्ला पाहिला, पर मोजले, शेपटीची चिठ्ठी वाचली. मासा हळदीने पिवळाधमक झाला होता.

"मुरलं म्हणायचं," ते म्हणाले.

चार दिवसांत धोंडूने उरलेल्या तीन जाती धरल्या. कुदळ गेली म्हणून तोंड पाडून, पण धरल्या. स्पिरिट खापरांच्या मातीने गढूळ झाले होते, म्हणून तेही मासे मीठ-हळदीत गेले. निघताना पारबताबाईंनी मला नवे मडके दिले, मोराचे. मामांकडे पाहून म्हणाल्या, "सुलटं धरजा." गाडी पळसांमधून जऊळक्याला आली. आगगाडीत एका बाईने माझ्या मांडीवर बोचके ठेवायला हात पुढे केला. "नको," मी म्हटले. "मला बरण्या सांभाळायच्या आहेत." ती निमूटपणे दुसरीकडे गेली. इतके सोपे असते हे मला कोणी सांगितले नव्हते.

मुंबईहून चार महिन्यांनी उत्तर आले. मासे पोचले, नावे बरोबर आहेत. परंतु काटेपूर्णेतला प्रत्येक मासा पिवळा का, आणि दोन-तीन माशांना लिंबाचा वास कसा, याचा खुलासा व्हावा. मामांनी खुलासा पाठवला. तो त्यांनी मला लिहायला सांगितला नाही, स्वतः लिहिला. मासे स्पिरिटात नाहीत म्हणून संस्थेने दीडशेऐवजी नव्वदच रुपये दिले. त्यातून धोंडूचा राहिलेला रोज, भाडे आणि बाटल्यांचे देणे जाऊन माझ्या हाती चाळीस आले. उरलेले पस्तीस पेन्शनीतून दरमहा पाचप्रमाणे देईन, असे मामा म्हणाले.

आणि दिले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पुडी, पुडीला दोरा, दोऱ्याला माशाची चिठ्ठी. सातवी पुडी काल दिली. चिठ्ठीवर लिहिले आहे: क्र. ७. यमूचे पाच रुपये. नर-मादी माहीत नाही. आता बाकी काही नाही. मामांचा हात अलीकडे कापतो, ओळ खाली घसरली आहे, अक्षर माझ्याहून वाईट आले आहे. ती चिठ्ठी मी काढून ठेवली आणि रुपये मोजले. पंचाहत्तरच्या पंचाहत्तर फिटले.